धुळीचा खोकला

"तोंडावर रुमाल धरा, मग बोला," कंपाउंडर खिडकीतून म्हणाला.

समोरच्या माणसाने खिसे चाचपले. रुमाल सापडला नाही तेव्हा त्याने कोपरात तोंड खुपसलं आणि तिथेच खोकून घेतलं.

"हेही चालेल. ओंजळीत तेवढं खोकू नका. तोच हात मग दाराच्या मुठीला लागतो, तोच पोराच्या गालाला. आता सांगा, काय होतंय?"

"अंग मोडून आलंय, नाक गळतंय. डॉक्टरांना सांगून एक इंजेक्शन मारून टाका ना, काका. उद्या कामावर जायचंय."

"सर्दी आहे ती. औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर एका आठवड्यात."

बाकड्यांवरची माणसं हसली. हा विनोद ती दर हिवाळ्यात ऐकत आणि दर हिवाळ्यात हसत. कंपाउंडरच्या तोंडून तो ऐकल्याशिवाय थंडी सुरू झाल्यासारखं त्यांना वाटत नसावं. लोक त्याला रुमालकाका म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं.

दवाखाना दोन खोल्यांचा. आत म्हातारे डॉक्टर, बाहेर बाकडी, आणि मध्ये औषधांच्या कपाटामागे कंपाउंडर. बाहेरच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी तो भर थंडीतही उघडी ठेवायला लावी. कुणी कुरकुर केलीच तर म्हणे, "गारठ्यानं माणूस एवढा आजारी पडत नाही, जेवढा कोंडलेल्या हवेनं पडतो. शाल घ्या, खिडकी राहू द्या." गरम पाणी प्या, पोटभर झोपा, म्हाताऱ्यांना फ्लूची लस टोचून घ्या, ताप असेल तर घरी बसा, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि समोरच्याला पाठ होईपर्यंत तो सोडत नसे.

त्या दिवशी कोपऱ्यात एक तरुण बाई तान्हं बाळ घेऊन आली होती. शेजारी तिची सासू. सासूचं नाक लाल झालेलं आणि ती वाकून वाकून बाळाच्या गालाला गाल लावत होती. कंपाउंडर खिडकीमागून उठून बाहेरच आला.

"आजी, जरा लांब बसा."

"का? माझा नातू आहे तो."

"तुमचाच आहे. म्हणूनच म्हणतो. तुम्हाला जी नुसती सर्दी आहे ना, ती या एवढ्याशा जिवाच्या छातीत उतरते. माया दुरून करा."

"दुरून कधी माया होते का?" आजी म्हणाली. "मी काय वैरीण आहे का त्याची?"

"तुमच्या मायेबद्दल कोण काय म्हणतंय, आजी. मी तुमच्या नाकाबद्दल बोलतोय."

पुन्हा हशा झाला. आजीचा चेहरा पडला. ती उठली आणि बाकड्याच्या पार टोकाला जाऊन बसली, आपलं पिशवीत काहीतरी शोधत. कंपाउंडर परत जागेवर आला. एखादी कडू गोष्ट गोड करून सांगता येते, याचं त्याला नेहमीसारखं समाधान वाटलं. घशात काहीतरी खवखवलं म्हणून तो पेल्यातलं पाणी प्यायला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर डॉक्टर बाहेर आले. "आवाज का बसलाय तुमचा?"

"बोलून बोलून. ही माणसं एकदा सांगून ऐकतात होय."

"डोळेही लाल दिसतायत. घरी जा आज."

"छे हो. मला काय झालंय."

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि आत गेले. एवढ्या वर्षांत कंपाउंडरने आजारपणाची रजा घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कंपाउंडर ते अभिमानाने सांगत असे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, रविवारी या. डॉक्टरांनी परवानगी दिली एकदाची."

ती त्याची एकुलती एक. बाळ वेळेआधीच झालं होतं, मुठीएवढं. बरेच दिवस इस्पितळात ठेवावं लागलं, आणि घरी आणल्यावरही डॉक्टरांनी पाहुण्यांना बंदी केली होती. लेकीला आई नव्हती. तिचं सगळं तिच्या सासूनेच केलं. नात झाल्याची बातमी आली त्या दिवशी कंपाउंडरने अख्ख्या दवाखान्याला सांगितलं होतं, पण नातीला त्याने अजून हातात घेतलेलं नव्हतं. रोज फोनवर फोटो यायचा. तो फोटो तो डॉक्टरांना दाखवी, औषधं पोचवायला येणाऱ्या माणसाला दाखवी, आणि घरी गेल्यावर दाखवायला कुणी नसे म्हणून एकटाच बघत बसे.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना? सर्दीबिर्दी नाही ना काही? त्या डॉक्टरीणबाईंनी अगदी बजावून सांगितलंय."

"मला विचारतेस?" तो हसला. "अगं, मी लोकांना शिकवतो."

फोन ठेवला तेव्हा त्याला थंडी वाजत होती. त्याने आपल्या मनगटावर आपलीच बोटं ठेवली. इतरांच्या बाबतीत एवढ्यावरून त्याला ताप कळत असे. स्वतःच्या बाबतीत तो म्हणाला, दमलोय. कपाटात थर्मामीटर होता. तो त्याने काढला नाही. काढला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा एकदा दिसला की न दिसल्यासारखं करता येत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

रविवारी सकाळी त्याने तापाची गोळी घेतली, दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. नातीसाठी घेतलेली लोकरीची टोपी त्याने आधीच साबणाने धुवून उन्हात वाळवली होती, दुकानातली धूळ जावी म्हणून. गोळीने घाम येऊन अंग हलकं झालं तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, बघ, काही नव्हतंच.

दार विहीणबाईंनी उघडलं. त्यांनी नाकातोंडावरून पातळ कापड बांधलं होतं आणि दारातच साबण, पाणी, टॉवेल मांडून ठेवला होता. "या, दादा. रागावू नका, आधी हात धुवा. नियम सगळ्यांना सारखा."

"रागावतो कशाला? माझीच विद्या तुम्ही मला शिकवताय."

विहीणबाईंची उमर सूतगिरणीत गेली होती. कापसाचा धुरळा छातीत बसला तो बसलाच. थंडी पडली की त्यांना खोकला सुरू व्हायचा, कोरडा, लांबलचक, शेवटी शिटी वाजल्यासारखा. दर वर्षी त्या दवाखान्यात येत आणि कंपाउंडरच त्यांना तोंडात ओढायचा औषधाचा पंप देई. "हा धुळीचा खोकला, विहीणबाई," तो दर वर्षी सांगे. "त्रास तुम्हाला, पण दुसऱ्याला लागायचा नाही. निर्धास्त राहा." तरीही नात घरी आल्यापासून त्या तोंडाला कापड बांधत होत्या. सुनेच्या मनात शंका नको म्हणून.

त्या चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर जरा रेंगाळली. "दादा, अंगात कणकण आहे का? डोळे ओढल्यासारखे दिसतायत."

"उन्हातून चालत आलो ना."

"आज नुसतं लांबून बघितलं तर? आठ दिवसांनी पुन्हा या. मी स्वतः बोलावते तुम्हाला."

लेक आतल्या खोलीतून बाळाला घेऊन येत होती. कंपाउंडर जरा मोठ्यानेच म्हणाला, "विहीणबाई, मी जन्मभर हेच काम केलंय. मला कळत नाही का?"

लेकीने बाळ त्याच्या हातात दिलं.

काय वजन म्हणून नव्हतं. गुंडाळलेल्या दुपट्यात जणू नुसती ऊब होती. बाळाने डोळे उघडले, काहीतरी आंबट लागल्यासारखं तोंड केलं आणि त्याचं बोट धरलं. कंपाउंडरला आपली बायको आठवली आणि त्याला पुढचं काही दिसेना. लेक म्हणाली, "बाबा, रडता काय." तो हसला, आणि हसता हसता वाकून त्याने बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले. मग शिंक आली. त्याने मान फिरवली खरी, पण दोन्ही हातांत बाळ होतं. रुमाल खिशातच राहिला.

"धूळ," तो म्हणाला.

विहीणबाई पुढे झाल्या आणि बाळ त्याच्या हातातून घेतलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी सकाळी जावयाचा फोन आला. बाळ दूध पीत नव्हतं. श्वास भराभर घेत होतं, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. कंपाउंडरला तो खळगा न बघताही दिसला. दवाखान्यात येणाऱ्या आयांना तो हेच सांगत असे, की असा खळगा दिसला तर माझ्याकडे वेळ घालवू नका, थेट मोठ्या इस्पितळात पळा.

तो पोचला तेव्हा बाळाला आत नेलं होतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये लेक भिंतीला टेकून उभी होती, जावई फोन हातात धरून नुसताच येरझारा घालत होता, आणि विहीणबाई एका खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मुलांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या दिसत होत्या.

"श्वासनळ्यांना सूज आहे. ऑक्सिजन लावलाय. मोठ्यांना जी साधी सर्दी होते, ती अशा नाजूक बाळांना जड जाते. घरात कुणाला सर्दी-खोकला आहे का? कुणी आलं-गेलं होतं?"

कुणी उत्तर देण्याआधी विहीणबाईंना खोकल्याची उबळ आली. पहाटेपासूनची धावपळ, जिने, थंड हवा. त्यांनी शालीचं टोक तोंडात कोंबलं, तरी ती शिटी सगळ्या पॅसेजभर ऐकू गेली.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. "आई, तुम्ही रात्रंदिवस तिच्याजवळ होतात."

"अगं, हा माझा नेहमीचा..."

"नेहमीचा, नेहमीचा. किती दिवस ऐकायचं?" तिचा आवाज फाटला. मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा. यांच्याच खोकल्यानं झालं ना?"

कंपाउंडरच्या अंगात आता ताप नव्हता. तीन दिवस घरी पडून तो उतरला होता. दवाखान्यात त्याने पाय मुरगळल्याचं कळवलं होतं. विहीणबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. नुसतीच वाट बघणं होतं. आपण दर वर्षी ज्या माणसाकडून एक वाक्य ऐकतो, तो ते आताही म्हणेल, अशी वाट.

वाक्य छोटं होतं. तो खोकला लागत नाही. पण त्याच्यामागून लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग कुणाचा?

"थंडीत..." तो म्हणाला. घसा साफ केला. "थंडीत काही सांगता येत नाही, बाळा."

विहीणबाईंनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कुणामुळे हे शोधून उपयोग नाही. हात धुवा, आणि ज्यांना काही त्रास आहे त्यांनी बाळापासून लांब राहा." आणि त्या आत गेल्या. त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं, पण ते एकाच माणसाला सांगितल्यासारखं झालं. थोड्या वेळाने जावई आईजवळ जाऊन बसला. "आई, तू थोडे दिवस मावशीकडे जातेस का? बाळ घरी आलं तरी... हिचं मन थाऱ्यावर येईपर्यंत."

"जाते की," विहीणबाई म्हणाल्या. उठता उठता सुनेला म्हणाल्या, "दुधाच्या वाट्या उकळून झाकून ठेवल्यात. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस, काहीतरी पोटात घाल." सून भिंतीकडे वळली. विहीणबाई जिना उतरून गेल्या. कंपाउंडर कठड्याशी उभा होता. वरून त्याला त्यांचा शाल घेतलेला खांदा दिसला आणि प्रत्येक वळणावर त्या जरा थांबतात हे दिसलं.

बाळ सावरू लागलं. आधी श्वास संथ झाला, मग नळीतून दूध सुरू झालं. कंपाउंडर रोज संध्याकाळी इस्पितळात जाऊन पॅसेजमध्ये बसे. लेक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवी आणि म्हणे, "बाबा, तुम्ही आहात म्हणून धीर आहे." प्रत्येक वेळी त्याच्या मनात येई, आता सांगावं. पहिल्या दिवशी वाटलं, आधीच पोर घाबरलीय. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता कुठे जरा हसलीय. मग वाटू लागलं, बाळ बरंच होतंय तर उगाच कशाला. बाळ जसजसं सुधारत होतं तसतशी बोलायची निकड कमी होत होती. आनंदाच्या बातमीने माणसाची मान खाली जावी, हे त्याने पहिल्यांदाच अनुभवलं.

विहीणबाई रोज फोन करत. लेक स्क्रीनवरचं नाव बघे आणि फोन उलटा करून ठेवी. एकदा ती म्हणाली, "बोलले तर वाईट बोलेन, बाबा." त्याने मान हलवली. मान हलवणं आता त्याला चांगलं जमत होतं.

दवाखान्यात लोकांच्या लक्षात आलं की रुमालकाका बोलत नाहीत. लोक खुशाल ओंजळीत खोकत. कुणीतरी खिडकी लावून घेतली तर तो उठला नाही. एक म्हातारा गंमतीने म्हणाला, "काका, औषध न घेता सर्दी किती दिवसांत बरी होते?" कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरांना विचारा." बाकड्यांवर कुणी हसलं नाही.

आणि मग एका सकाळी रांगेच्या शेवटी विहीणबाई दिसल्या.

त्या बाकड्याच्या टोकाला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. त्यांच्या शेजारची बाई आपल्या मुलाला घेऊन हळूच पलीकडे सरकली. कंपाउंडर उठला, कुणाची रांग न बघता त्यांना थेट आत घेऊन गेला.

डॉक्टरांनी छाती तपासली. "एवढं कधी वाढलं? औषध घेताय ना?"

"घेते. सध्या बहिणीकडे राहते. खाली सुतारकामाचा कारखाना आहे. भुसा उडतो दिवसभर."

"अहो, तुमच्या छातीला तेच तर वर्ज्य आहे. स्वतःचं घर सोडून तिथे कशाला गेलात?"

"बाळ आजारी आहे. खोकल्याच्या माणसानं लांब राहिलेलं बरं."

"पण हा तर धुळीचा खोकला. हा बाळाला लागत नाही." डॉक्टर कंपाउंडरकडे वळले. "तुम्ही कसं सांगितलं नाहीत त्यांच्या घरी? तुमचीच लेक ना ती?"

कंपाउंडर वाफेचं यंत्र जोडत होता. नळी यंत्राच्या तोंडात बसेना. एरवी डोळे मिटून जोडलं असतं.

"सांगतील," विहीणबाईच म्हणाल्या. "गडबडीत राहून गेलं असेल."

डॉक्टर पुढच्या पेशंटला बघायला गेले. कंपाउंडरने वाफेचा मास्क त्यांच्या तोंडावर बसवला, मागचा पट्टा केसांत अडकू नये म्हणून जपून ओढला. यंत्र घरघरत राहिलं. तो शेजारी स्टुलावर बसला. औषध संपत आलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी मास्क काढला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या अंगात ताप होता ते."

"दाराशीच कळलं. हात धुताना तुमच्या हाताला माझा हात लागला."

"मग इस्पितळात बोलला का नाहीत?"

विहीणबाईंनी मास्क पुसून यंत्राशेजारी ठेवला. "त्या दिवशी मीच तुम्हाला दारातून परत पाठवायला हवं होतं. तेच माझं चुकलं. पण तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. म्हटलं, माणूस केवढ्या हौसेनं आलाय." त्या जरा थांबल्या, दम घेतला. "आणि बोलून काय झालं असतं? पोरीला आई नाही. बाप एक आहे. सासूवर माणूस रागावतं, पुन्हा बोलतं. बापावरून मन उडालं तर ती कुणाकडे जाईल?"

कंपाउंडरला वाटलं, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नवीन पंप देतो तुम्हाला."

"द्या," त्या म्हणाल्या. "आणि तो कसा ओढायचा ते पुन्हा नका सांगू. पाठ झालंय."

त्या गेल्यावर तो डॉक्टरांकडे गेला. "पाय मुरगळला नव्हता माझा," तो म्हणाला. "ताप होता. आणि आज मला लवकर जायचंय." डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या.

बाळाला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. लेक पॅसेजमध्ये पिशव्या आवरत होती, जावई बिलाच्या खिडकीशी गेला होता. तिने बापाला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, आज तिनं आपलं आपण दूध प्यायलं. अख्खी वाटी."

"मला काही सांगायचंय."

"सांगा ना."

त्याने सांगितलं. वाटेत मनातल्या मनात त्याने पुष्कळ जुळवाजुळव केली होती, की गोळी घेतल्यावर ताप उतरला होता, की वाटलं होतं साधी दगदग आहे. तिथे उभा राहिल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. तो म्हणाला, "त्या रविवारी मला ताप होता. मला माहीत होतं. तू फोनवर विचारलंस तेव्हाही माहीत होतं. आणि तुझ्या सासूबाईंचा खोकला लागत नाही, तेही माहीत होतं."

लेक हातातलं दुपटं घडी करत होती. तिने घडी पूर्ण केली, पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली.

"तुम्ही तिला बघायला आलात त्याचं मला काही वाटत नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे वाटतं. पण ते कळतं मला. तुमच्या जागी मीही कदाचित आले असते."

त्याने पिशवीचं तोंड तिच्यासाठी उघडं धरलं.

"पण मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले. ज्या बाईनं माझं सगळं केलं, तिचा फोन मी उलटा ठेवत होते. आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात." तिने डोळे पुसले नाहीत. "हे माझ्या हातून तुम्ही करवलंत."

एक नर्स ट्रॉली घेऊन गेली. दोघेही बाजूला झाले, जशी अनोळखी माणसं होतात.

"मी त्यांना घेऊन येतो," तो म्हणाला.

"मी फोन करते त्यांना. माफी माझी मला मागायची आहे." तिने दुपटं पुन्हा पिशवीत ठेवलं. "तुम्ही जाऊन घेऊन या. आणि आल्यावर थोडे दिवस... मी बोलावीन तुम्हाला. मी बोलावल्यावर या."

"बरं," तो म्हणाला. विहीणबाईही याच पॅसेजमध्ये अशाच पटकन "जाते की" म्हणाल्या होत्या, हे त्याला आठवलं.

सुताराचा कारखाना लांबूनच ऐकू येत होता. करवतीच्या आवाजाखालून तो जिना चढला. पायऱ्यांवर भुशाचा मऊ थर होता आणि त्यावर वर गेलेल्या, खाली आलेल्या पावलांचे ठसे. विहीणबाई तयार होत्या. सुनेचा फोन आला होता, हे त्यांच्या डोळ्यांवरूनच कळत होतं. बहिणीने कंपाउंडरला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिला सगळं कळलेलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. त्याला ते रास्त वाटलं.

"पिशवी द्या इकडे," तो म्हणाला.

"राहू द्या. हलकी आहे."

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या तेव्हा त्यांनी ती आपणहून त्याच्या हातात दिली.

बसथांब्यावर बरीच माणसं होती. हवा बोचरी होती, सगळे कानांवर काहीतरी गुंडाळून उभे होते. विहीणबाई कठड्याला टेकल्या आणि त्यांना उबळ आली. लांबलचक, शेवटी शिटी वाजवणारी. आजूबाजूची माणसं सावकाश पांगली. एका तरुणाने मफलर नाकावर ओढला आणि पाठ फिरवली. एका बाईने आपल्या मुलीचा हात धरून तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. बघता बघता विहीणबाईंभोवती रिकामी जागा झाली. कंपाउंडर त्या जागेत शिरून त्यांच्या अगदी जवळ उभा राहिला.

"यांचा खोकला लागत नाही," तो त्या तरुणाला म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "धुळीचा आहे. छातीत जुना बसलाय. कुणाला लागत नाही."

तरुणाने त्याच्याकडे बघितलं, "बरं, बरं," म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

विहीणबाईंनी शालीने तोंड टिपलं. "त्याला कशाला सांगताय, दादा," त्या म्हणाल्या. "तो कुठं आपल्या घरातला आहे."

बस आली. विहीणबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, चढणारी माणसं ती ओलांडून मागे जात होती. कंपाउंडर पिशवी छातीशी धरून दांड्याला लोंबकळत उभा राहिला. एक थांबा गेला, मग दुसरा. विहीणबाई बाहेर बघत होत्या.

"बसा," त्या बाहेर बघतच म्हणाल्या. "लोक बघतायत."